पहाटे तीन ते चार

(दृश्य : रात्र. लांबवर रिफायनरीची ज्योत. कंपनीची बस थांबते, डबे घेतलेली माणसं चढतात.)

ही ज्योत कोयलीच्या रिफायनरीची. १९६५ साली रिफायनरी सुरू झाली, मागोमाग खतांचा कारखाना आला, पेट्रोकेमिकल्स आलं, आणि बडोद्याच्या या बाजूची घरं पाळ्यांवर चालू लागली. फर्स्ट, सेकंड, नाईट. नोकरीसाठी वसईहून माणसं आली, नगर-नाशिकहून आली, गोव्यातून, केरळातून, तमिळनाडूतून आली. त्यांच्यातल्या कॅथलिक कुटुंबांची तिसरी पिढी आज बाजारात गुजराती बोलते आणि घरात मराठी नाहीतर मल्याळम. रविवारी चर्चच्या आवारात या सगळ्या भाषा एकदम कानावर येतात.

याच कारखान्यांच्या वाटेवर एका धर्मग्रामाचं, म्हणजे पॅरिशचं, लहानसं चॅपेल आहे. चित्रण करू देताना तिथल्या लोकांनी एकच अट घातली : चर्चचं नाव नको, आमचीही नावं नकोत. ती आम्ही पाळली आहे.

(दृश्य : चॅपेलचं दार. बाहेर चपला, एक सेफ्टी शूजची जोडी, लहान मुलाच्या सँडल.)

आत पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीची, अखंड आराधना चालते. दिवसाचे चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस. कोणी ना कोणी समोर बसलेलं असतंच.

(दृश्य : वेदीवरचा मॉन्स्ट्रन्स, जवळून.)

हा मॉन्स्ट्रन्स, साक्रामेंत दर्शनासाठी ठेवायचं किरणांचं पात्र. मधोमध दिसते ती गव्हाची पातळ, गोल, पांढरी भाकर. गव्हाचं पीठ आणि पाणी, एवढंच. खमीर नाही, मीठ नाही. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, धर्मगुरूच्या हातून या भाकरीचं ख्रिस्तशरीरात परिवर्तन होतं, ही कॅथलिक श्रद्धा. प्रभू येशू इथं प्रत्यक्ष आहे, म्हणून त्याच्यासमोर बसायचं. या श्रद्धेला दुसरा पाया नाही आणि तो लागतही नाही.

(दृश्य : सिस्टरांचे हात. मलमलचं फडकं, पितळी किरणं.)

भाकर ज्या गोल काचेच्या घरात बसवतात, त्याला लुना म्हणतात. ही लुना मॉन्स्ट्रन्सच्या मागच्या बाजूनं आत सरकवतात. भाकर वरचेवर बदलावी लागते, ती शिळी होऊ देत नाहीत. बडोद्याच्या पावसाळ्यात हवा दमट, म्हणून सिस्टर जास्तच लक्ष ठेवतात. मिस्साच्या वेळी भाकर मॉन्स्ट्रन्समधून काढून ठेवलेली असते, तेवढ्यात त्या किरणं पुसून घेतात. प्रत्येक किरणाच्या बुडाशी हिरवट डाग धरतो. तो आधी चिंचेच्या पाण्यानं, मग कोरड्या फडक्यानं. किरणं मोजून पुसतात, एकही सुटत नाही.

(दृश्य : चटई. मांडी घालून बसलेली माणसं. समई.)

परगावच्या पाहुण्यांना एका गोष्टीचं नवल वाटतं. बाक भिंतीला लावलेले आहेत, बसायला चटया आहेत. चपला बाहेर. समई तेवते, उदबत्ती आहे, आणि आत येणारा हात जोडून खोल वाकतो, कोणी पंचांग प्रणाम करतं. हे कोणी हौसेनं घुसवलेलं नाही. भारतातल्या बिशपांनी उपासनेत इथल्या रीती आणण्यासाठी बारा गोष्टी मागितल्या होत्या आणि १९६९ साली रोमनं त्यांना मान्यता दिली. जमिनीवर बसणं, पादत्राणं काढणं, अंजलीमुद्रा, तेलाचे दिवे, आरती, हे सगळं त्या बारांत आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बाक आहेतच.

(दृश्य : जुन्या छापील चित्रांवरून कॅमेरा सरकतो.)

अखंड आराधनेची गोष्ट फार जुनी आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

फ्रान्सच्या दक्षिणेला आव्हिन्यों नावाचं शहर आहे. १२२६ साली राजा आठवा लुई तिथं आला, पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघाली, दर्शनाला येणारे लोक थांबेचनात, आणि बिशपांनी आराधना चालूच ठेवू दिली. परंपरा सांगते, की ती फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत चालली. साडेपाचशेहून जास्त वर्षं.

सोळाव्या शतकात इटलीत मिलान शहरी चाळीस तासांची आराधना सुरू झाली. ख्रिस्ताचं शरीर कबरेत जितका वेळ होतं असं मानतात, तितके तास. १५९२ साली पोप आठवे क्लेमेंट यांनी रोममध्ये तिची साखळी बांधून दिली : एका चर्चचे चाळीस तास संपले, की दुसऱ्या चर्चचे सुरू. म्हणजे शहरात कुठं ना कुठं, वर्षभर, खंड नाही.

मग मेक्टिल्ड. लॉरेन प्रांतातल्या युद्धात मठ सोडून पळावं लागलेली ही धर्मभगिनी पॅरिसला आली. २५ मार्च १६५३ रोजी तिथं तिच्या छोट्या संघानं अखंड आराधना सुरू केली. रात्रंदिवस आराधना करणं हेच ज्यांचं मुख्य काम, असा हा बेनेदिक्तीन बायकांचा संघ. निर्वासित बायकांनी उभं केलेलं हे काम आजही चालू आहे.

(दृश्य : पियानोच्या पट्ट्या. जुनं रेखाचित्र.)

आणि हर्मन कोहेन. याच्यावर आम्ही थोडं जास्त थांबणार आहोत, कारण बडोद्याच्या या चॅपेलमधल्या रात्रीच्या माणसांचा पूर्वज कोणी असेल तर तो हा. १८२० साली हॅम्बर्गला एका ज्यू घरात जन्म. लहानपणापासून पियानोत असामान्य हात, प्रसिद्ध संगीतकार लिस्ट यांचा लाडका शिष्य. पॅरिसच्या मैफली, जुगार, कर्ज. एका चर्चमध्ये संगीताच्या कामासाठी गेला असता साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळी त्याच्या मनात काहीतरी हललं आणि १८४७ साली त्यानं बाप्तिस्मा घेतला. पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १८४८ च्या रात्री, पॅरिसच्या विजयमाता चर्चमध्ये त्यानं काही पुरुषांना जमवून रात्रभराची आराधना केली. दिवसा कामधंदा करणाऱ्या माणसांनी आपसांत रात्र वाटून घ्यायची, ही त्याची पद्धत जगभर गेली. तो स्वतः कार्मेलाइट धर्मगुरू झाला आणि १८७१ मध्ये जर्मनीत फ्रेंच युद्धकैद्यांची सेवा करताना देवीच्या साथीत गेला.

(दृश्य : मुंबई, ओव्हल मैदान, आजचं चित्रण. क्रिकेट खेळणारी मुलं.)

आपल्याकडे लोकांच्या आठवणीत बसलं आहे ते १९६४ चं मुंबईचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन, पवित्र साक्रामेंताच्या सन्मानार्थ भरलेलं. पोप सहावे पॉल त्यासाठी मुंबईला आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. बडोदा तेव्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात होतं, बडोद्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९६६ साली. या मैदानावरून घरी आणलेली पदकं आणि चित्रं गुजरातेतल्या कॅथलिक घरांत अजून भिंतीवर दिसतात.

त्याच १९६४ च्या १ ऑगस्टपासून जामनगरच्या बाला हनुमान मंदिरात अखंड रामधून चालू आहे. गुजरातेत अखंड प्रार्थना म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

(दृश्य : जाड वही. पेनानं आखलेले रकाने.)

आता ही वही. आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास, म्हणून एकशे अडुसष्ट ओळी. प्रत्येक ओळीवर दोन नावं, कारण एक आजारी पडला तर दुसरा हवा. बिशपांची परवानगी मिळाली, मग फादरांनी रविवारच्या मिस्सानंतर फॉर्म वाटले. सकाळचे सहा ते दहा पहिल्याच रविवारी भरले. संध्याकाळही भरली. रात्री बारा ते पहाटे पाच मात्र कोरे राहिले.

दिवसाचे चार भाग केले. प्रत्येक भागाला एक जबाबदार माणूस, त्याच्या हाताखाली तासागणिक एक प्रमुख. रात्रीचा भाग रिफायनरीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मागून घेतला. काकांनी नोकरीभर कंट्रोल रूममध्ये पॅनल सांभाळलं होतं. रिलीव्हर आल्याशिवाय पॅनल सोडायचं नाही, ही त्यांची सवय. त्यांनी घरोघरी जाऊन माणसं गोळा केली. ज्यांची सेकंड शिफ्ट रात्री दहाला सुटते त्यांना बारा ते एक दिला. ज्यांची फर्स्ट आहे त्यांना पहाट दिली. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, म्हणून रात्रीच्या ओळींवर नावं पेन्सिलीनं लिहिलेली आहेत. बघा, इथं खोडून खोडून कागद पातळ झाला आहे. खाली सेलोटेप लावली आहे.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. व्हॉट्सॲप ग्रुप.)

रात्री साडेअकरा. ‘उद्या २ ते ३ कोणी आहे का? मुलाला ताप आहे.’ चार मिनिटांत उत्तर : ‘मी येतो.’

साक्रामेंत उघडं ठेवलं असताना चॅपेल रिकामं ठेवायचं नाही, हा चर्चचा नियम आहे. हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत, पहारा बदलला की ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, तसंच हे. पुढचा आला नाही तर आधीचा उठत नाही.

(दृश्य : चॅपेल, रात्र. घड्याळात दोन अठ्ठावन्न. बाहेर पाऊस.)

दोन ते तीन काकांचा तास. तीन ते चार एका तरुण ऑपरेटरचा. तो येतो, प्रणाम करतो, चटईवर बसतो. मग काकांच्या कानाशी :

‘काका, पाऊस लागलाय. माझी छत्री बाहेर आहे, ती न्या.’

‘आणि तू?’

‘चारपर्यंत थांबेल तो. निघा तुम्ही.’

(निवेदन थांबते. पंचेचाळीस सेकंद फक्त चित्र आणि पावसाचा आवाज.)

या तासात तो काय करतो? आधी पवित्र माळेची पाच रहस्यं. मग शुभवर्तमानातला एक उतारा. त्यानंतर नुसतं बसणं, आणि अवघड भाग तोच. डुलकी लागली तर तो उभा राहतो, मागच्या भिंतीपर्यंत जाऊन येतो. शेवटी खिशातल्या चिठ्ठ्या काढतो. दाराशी एक पेटी आहे, लोक तिच्यात विनंत्या टाकतात : बारावीची परीक्षा, डायलिसिस, मुलीचं लग्न, दारू. रात्री बसणारा त्या एकेक वाचतो. गेथशेमानेच्या बागेत येशूनं शिष्यांना विचारलं होतं, एक तासही माझ्याबरोबर जागता आलं नाही का? हा तास त्या प्रश्नाचं उत्तर आहे. चारला पुढचा येतो. मग घर, चहा, आणि सकाळच्या पाळीची बस.

(दृश्य : पवित्र गुरुवार. फादर साक्रामेंत दुसऱ्या वेदीकडे नेतात. रिकामा मॉन्स्ट्रन्स.)

मिस्साचा वेळ सोडला तर वर्षात एकदाच आराधना आपणहून थांबते. पवित्र गुरुवारच्या मिस्सानंतर साक्रामेंत वेगळ्या वेदीवर हलवतात, शुक्रवारी वेदी रिकामी असते, आणि ईस्टरच्या मिस्सानंतर वही पुन्हा सुरू होते. २०२० चा लॉकडाउन आणि ऑगस्ट २०२४ मधला विश्वामित्री नदीचा पूर, दोन्ही वेळा खंड पडला, दोन्ही वेळा जवळ राहणाऱ्यांनी पुन्हा सुरुवात केली. फादर सांगतात, की आराधनेमुळं धर्मगुरूपाशी पापांची कबुली द्यायला येणारे वाढले. काही घरांतली भांडणं मिटली, काहींत रात्री बाहेर पडण्यावरून नवी झाली. बायकांचे तास रात्री दहापर्यंतच ठेवले आहेत.

(दृश्य : काका वही उघडतात.)

सध्या धर्मग्रामात एक चर्चा चालू आहे : रात्र बंद करावी, सकाळी सहा ते रात्री दहा पुरे. अमेरिकेत ला क्रॉस इथल्या फ्रान्सिस्कन भगिनींनी १ ऑगस्ट १८७८ पासून रात्रंदिवस आराधना केली आणि २०२० मध्ये, संघातल्या भगिनी वयस्क आणि थोड्या झाल्यावर, रात्रीचे तास सोडले. त्यांच्यापाशी माणसं उरली नव्हती. बडोद्यात माणसं आहेत. रात्रपाळी करणारी माणसं आहेत. रात्र सोडायची नाही, असं या चित्रफितीसाठी काम केलेल्या आम्हा सगळ्यांना वाटतं आणि ते आम्ही लपवत नाही.

मंगळवारी पहाटे एक ते दोन आणि शनिवारी पहाटे तीन ते चार, या दोन ओळींवर सध्या एकेकच नाव आहे. रविवारच्या मिस्सानंतर दाराशी टेबल असतं. नाव, मोबाइल, वार, तास आणि शिफ्ट लिहून द्या. पहिले चार आठवडे जुना आराधक सोबत बसतो. कॅथलिक नसलात तरी आत येऊन बसायला हरकत नाही. रात्री मोठं फाटक बंद असतं, डाव्या बाजूच्या लहान फाटकाची बेल वाजवा, वॉचमन उघडतो.