जिना काढण्याआधी खालून बघा

नमस्कार श्रोतेहो. पुण्याच्या पेठांमधले जे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या लाकडी जिन्यांबद्दल आज बोलायचंय. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, कठडा हलतोय, पाय ठेवला की करकर. मग घरात कुणीतरी म्हणतंच, काढून टाका हा, लोखंडी बसवून घ्या. माझी विनंती एवढीच, की जिना काढण्याआधी तो खालून बघा. वरून नाही, खालून.

आता नारायण पेठेतल्या वाड्याची गोष्ट सांगते. माझ्या मैत्रिणीचं माहेर. तिच्या भावाने लोखंडी जिन्यासाठी माणूस बोलावून मापंही घेतली होती. पण आई म्हणाली, आधी सुतारमामांना दाखवा. तिचं वय ऐंशीच्या पुढे, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मामा आले. भाऊ म्हणाला, "पायऱ्या पलटून घेऊ या का? खालची बाजू कोरी असेल." ही युक्ती खरंच जुनी आहे. जाड सागवानी फळी वरून झिजली की सुतार ती उलटी करून बसवतात, आणि पुन्हा एक पिढी निघते. पण या जिन्याला खालून फळ्या ठोकलेल्या होत्या, आतलं काही दिसत नव्हतं. मामांनी पहिली फळी उचकटली आणि त्यांच्या अंगावर बदाबदा माती पडली. बारीक, मऊ, राखाडी माती. सगळे म्हणाले, वाळवी. मामांनी ती चिमटीत घेऊन चोळली आणि म्हणाले, "वाळवी नव्हे, हा गाळ आहे."

काकू, म्हणजे मैत्रिणीची आई, लगेच म्हणाल्या, "पानशेतचा."

12 जुलै 1961, पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. तेव्हा त्या या घरात नव्या सूनबाई होत्या. पाणी चौकात शिरलं तेव्हा सासूबाई, दीर, शेजारची दोन बिऱ्हाडं, सगळे याच जिन्यावरून माडीवर गेले. पाणी ओसरल्यावर घर धुतलं, भांडी धुतली, पण जिन्याच्या पोटात गेलेला गाळ कुणाला दिसणार? तो तिथेच राहिला. दर पावसाळ्यात ओल धरून बसला, आणि बाजूच्या तिरक्या फळ्यांची खालची टोकं कुजत गेली. जिना हलत होता तो त्यामुळे. वरून कितीही खिळे ठोकले असते तरी तो हललाच असता.

पुढची गंमत ऐका. मामा बॅटरी घेऊन आत शिरले आणि आतूनच ओरडले, "अहो, ह्या तर आधीच पलटल्यात!" पायऱ्यांना खालूनही तसेच खळगे होते. म्हणजे कधीतरी, काकूंच्याही आधी, कुणीतरी हीच युक्ती वापरली होती. दोन्ही बाजू पावलांनी झिजलेल्या. काकू कितीतरी वेळ त्या खळग्यांवरून हात फिरवत होत्या.

मामांनी कुजलेली टोकं कापली, जुन्या सागाचे तुकडे तिरक्या सांध्याने जोडले आणि खाली दगड दिला, म्हणजे लाकूड जमिनीला टेकायला नको. पायऱ्यांचे खळगे चौकोनी कोरून त्यांत जुन्याच सागाच्या पट्ट्या बसवल्या, रेषेला रेष लावून. लोखंडी जिना रद्द झाला. काकूंनी तो गाळ सुपात भरून कुंड्यांमध्ये घातला. नदीची माती, वाया का घालवायची म्हणाल्या.

तर पुन्हा सांगते, खालून बघा. लाकूड जमिनीला टेकतं तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. टोक सहज आत गेलं तर तिथे कुजलंय. बाकी करकर बहुतेक वेळा सैल पाचरींची असते. लाकूड जुनंच घ्या, पाडलेल्या वाड्यांचं. ओलं नवं लाकूड नंतर आकसतं आणि सांधा उघडतो. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींना पुन्हा 'वाडा' नाव देतात, ते मला मुळीच पटत नाही. त्यापेक्षा बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर पाच मिनिटं थांबा आणि मान वर करून ते लाकूडकाम बघा.

सागवानावर ऑईलपेंट फासणंही मला सहन होत नाही. पण तो काढताना सांभाळा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, धूळ पोटात जाते. ओला करून खरवडा, तोंडाला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

शेवटी दुकानात 'उकळलेलं' (बॉइल्ड) म्हणून मिळणारं जवसाचं तेल थोड्या टर्पेंटाइनमध्ये मिसळून पातळ हाताने लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. आणि हे नीट ऐका: तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. चिंध्या दोरीवर मोकळ्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. लाकडी घरात ही काळजी पहिल्याच दिवसापासून घ्या. नमस्कार.