पाचव्या दिवशी कोण?

[पडदा काळा. चामडी ग्लोव्हवर चेंडू आपटल्याचा आवाज. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. मग शांतता.]

१७ जुलै १९७४. लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम. बेसबॉलचा सामना. तिसरी इनिंग चालू आहे. समोर माँट्रियल एक्स्पोज. यजमान डॉजर्सकडे आघाडी आहे आणि मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभा आहे एकतीस वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टॉमी जॉन. या हंगामात त्याच्या नावावर १३ विजय आहेत. पराभव फक्त ३.

बेसवर धावक आहेत. बॅट घेऊन उभा आहे हॅल ब्रीडन. जॉनच्या डोक्यात आहे त्याचा नेहमीचा चेंडू, सिंकर. बॅटपाशी येता येता हा चेंडू खाली बुडतो, बॅटर तो जमिनीवर मारून बसतो आणि एका फटक्यात दोघे बाद होतात. जॉनची सगळी कारकीर्द या एका चेंडूवर उभी आहे. त्याच्याकडे भन्नाट वेग नाही आणि त्याची त्याला खंतही नाही.

चेंडू सुटतो. कोपरात काहीतरी धाडकन होतं. डावा हात आपल्याला सोडून दुसरीकडेच कुठेतरी निघून गेला असं वाटलं, असं तो पुढे सांगायचा.

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पिचर मंडळी थांबत नाहीत. त्यानं आणखी एक टाकला. पुन्हा तेच. मग मात्र तो उंचवट्यावरून उतरला आणि हात सांभाळत चालायला लागला. बाकावर पोचल्यावर ट्रेनर बिल ब्यूलरला एवढंच म्हणाला, डॉक्टर जोबना गाठायला हवं.

[दृश्य: रिकामा उंचवटा. मातीत बुटांच्या खुणा.]

पुढची गोष्ट खेळाच्या जगात अनेकांना पाठ आहे. डॉक्टर फ्रँक जोब, ते जगावेगळं ऑपरेशन, जॉनचं पुनरागमन. ती गोष्ट इथेही येईल, तिला टाळून चालणार नाही. पण मला विचाराल तर त्या उन्हाळ्यात जास्त बघण्यासारखं जे घडत होतं, ते दवाखान्यात नव्हतं. ते मैदानाच्या कडेला होतं, राखीव पिचर्स हात गरम करत बसतात त्या बुलपेनमध्ये. जॉनचा हात थांबला, सामने थांबले नाहीत. त्याच्या वाटणीचे चेंडू कुणाला तरी टाकावेच लागणार होते.

हे गणित नीट समजून घेऊ. क्रिकेटमधला गोलंदाज षटक संपलं की सीमारेषेवर जाऊन उभा राहतो, दम घेतो, पुन्हा येतो. बेसबॉलच्या स्टार्टिंग पिचरला ती सोय नाही. तो सामना सुरू करतो आणि जमेल तितका वेळ एकटा टाकत राहतो. एकदा बाहेर गेला की त्या दिवशी परत येत नाही. शंभराच्या आसपास चेंडू टाकले की त्याचा हात निवायला चार दिवस लागतात. म्हणून संघात असे चार-पाच जण असतात आणि त्यांची पाळी लागलेली असते. त्यातला एक गेला, की दर पाचव्या दिवशी एक प्रश्न दारात येऊन उभा राहतो: आज कोण?

हंगामाचे अजून अडीच महिने बाकी होते. म्हणजे हा प्रश्न पंधराएक वेळा पडणार होता. मागून सिनसिनाटी रेड्स येत होते, आणि सत्तरच्या दशकात रेड्स मागून येतायत म्हटल्यावर झोप उडायला तेवढं पुरे होतं.

मॅनेजर होते वॉल्टर ऑल्स्टन. अबोल माणूस. डॉजर्स ब्रुकलिनमध्ये होते तेव्हापासून, १९५४ पासून, संघ त्यांच्याच हातात. त्यांनी आरडाओरडा केला नाही की जॉनच्या तोलाचा कुणी शोधत बसले नाहीत. तसा कुणी नव्हताच. त्यांनी जॉनच्या पाळीचे तुकडे केले. काही दिवस अनुभवी अल डाउनिंगकडे. हा तोच डाउनिंग, ज्याच्या चेंडूवर त्याच वर्षी ८ एप्रिलला हँक एरननं ७१५ वा होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारा फटका, मारून बेब रूथचा कारकिर्दीतल्या होमरनचा विक्रम मोडला. बिचाऱ्यानं कारकिर्दीत शंभरहून जास्त सामने जिंकले, पण लोकांना आठवतो तो त्या एका चेंडूसाठी. काही दिवस जेफ झान नावाच्या नवख्याकडे. दोघेही जॉनसारखेच डावखुरे. पाळीतल्या बाकीच्यांनी आपापली जागा धरून ठेवली. अँडी मेसर्स्मिथनं २० सामने जिंकले, डग रावनं १३. डॉन सटन आधी चाचपडत होता, तो उत्तरार्धात जिंकतच सुटला आणि १९ वर थांबला.

पण बदली माणूस सामन्याच्या नऊच्या नऊ इनिंग टाकत नाही. पाचव्या-सहाव्या इनिंगला त्याचे पाय जड होतात. मग बुलपेनचा फोन वाजतो.

आणि १९७४ च्या डॉजर्समध्ये तो फोन बहुतेक वेळा एकाच माणसासाठी वाजायचा.

[दृश्य: बुलपेनमधला भिंतीवरचा टेलिफोन. रिंग.]

माइक मार्शल. बुटका, दणकट, आणि पत्रकारांना नकोसा वाटेल इतका स्पष्टवक्ता. हंगाम नसताना तो मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकत असे. पुढे त्यानं डॉक्टरेटही मिळवली. हात कसा वापरला तर तुटत नाही, याबद्दल त्याची स्वतःची ठाम मतं होती आणि तो ती स्वतःच्याच हातावर तपासून बघत होता. जॉनला दुखापत होण्याआधीच, जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, तो सलग १३ सामन्यांत उतरला होता. म्हणजे ओझं त्याच्यावर आधीपासून होतंच. आता त्यात भर पडली.

हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावापुढे होते १०६ सामने. १६२ पैकी १०६. आणि २०८ हून जास्त इनिंग, त्याही सगळ्या मधूनच येऊन टाकलेल्या. जॉननं २२ सामन्यांची सुरुवात करून १५३ इनिंग टाकल्या होत्या. सामन्याची सुरुवात एकदाही न करता मार्शल त्याच्या कितीतरी पुढे गेला. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. तोपर्यंत कुठल्याही राखीव पिचरला तो मिळाला नव्हता. एका हंगामात १०६ सामन्यांचा विक्रम अजूनही मोडलेला नाही, आणि तो मोडावा असं कुठल्याच संघाच्या डॉक्टरला वाटत नसेल.

डॉजर्स १०२ सामने जिंकले. रेड्सना त्यांनी चार सामन्यांनी मागे ठेवलं. मग पिट्सबर्गला हरवलं. १९६६ नंतर पहिल्यांदाच संघ वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत पोचला.

[दृश्य: एका हाताचा क्लोजअप. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकतात.]

इकडे जॉनचं काय चाललं होतं? आधी विश्रांती. काही आठवड्यांनी त्यानं टाकून पाहिलं, चेंडूत जीव नव्हता. फाटलं होतं ते कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट. दंडाचं हाड आणि हाताचं हाड यांना धरून ठेवणारी ही पट्टी जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी. पिचर चेंडू फेकतो तेव्हा छाती आणि खांदा पुढे गेलेले असतात, मनगट मात्र अजून मागेच असतं. त्या क्षणी कोपर आतून उघडू पाहतं आणि ही पट्टी त्याला उघडू देत नाही. हजारो वेळा. एक दिवस ती हात टेकते.

आता तुम्ही एक करून बघा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर आलेली दिसते? हे एक टेंडन आहे. काही लोकांच्या हातात ते जन्मापासूनच नसतं आणि त्यांचं काही अडतही नाही. डॉक्टर जोबना नेमकं असंच काही हवं होतं, काढून घेतलं तरी हाताला पत्ता लागणार नाही असं. पोलिओच्या रुग्णांमध्ये टेंडन एका जागेवरून दुसऱ्या जागी बसवतात, हे त्यांना माहीत होतं. पिचरच्या कोपरात कुणी ते करून पाहिलं नव्हतं.

२५ सप्टेंबर १९७४. जोबनी जॉनच्या उजव्या हातातलं ते टेंडन काढलं, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि बाज विणावी तसं ते त्यातून ओवलं. पुन्हा पिचिंग जमण्याची शक्यता किती? शंभरात एक. जॉननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, करून टाकू.

जोबच्या डोळ्यांपुढे दुसरं एक उदाहरण होतंच. आठ वर्षांपूर्वी याच संघाचा सँडी कोफॅक्स २७ सामने जिंकून तिसाव्या वर्षी निवृत्त झाला होता, कोपराच्या संधिवातामुळे. जॉन गंमतीनं सांगायचा, डॉक्टरांना म्हटलं होतं कोफॅक्सचा वेग बसवा. त्यांनी बसवला, पण तो कोफॅक्सच्या बायकोचा.

[दृश्य: स्टेडियमचे दिवे. मैदानावर उडत येणारा कचरा.]

१७ ऑक्टोबर. ओकलंड. वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. जॉनचं कोपर गेलं त्याला आज बरोबर तीन महिने झालेत. ओकलंड ३–१ नं पुढे आहे, चौथा विजय मिळाला की मालिका त्यांची. सातवी इनिंग, सामना २–२ असा बरोबरीत, आणि टाकायला अर्थातच माइक मार्शल. या मालिकेतल्या पाचही सामन्यांत तो उतरलाय.

इतक्यात प्रेक्षकांनी डाव्या बाजूला उभ्या असलेल्या बिल बकनरवर वस्तू फेकायला सुरुवात केली. खेळ थांबला. पंच गोळा झाले. मार्शलही तिकडे बोलायला गेला. अशा थांब्यात पिचर दोन-चार चेंडू टाकून हात गरम ठेवतो. मार्शलनं एकही टाकला नाही.

ओकलंडचा जो रूडी हे बघत होता. हात गार असताना हा माणूस वळणारा चेंडू टाकणार नाही, सरळ वेगवान टाकेल, असा त्यानं अंदाज बांधला. खेळ सुरू झाला. पहिलाच चेंडू, सरळ, वेगवान. रूडीनं तो प्रेक्षकांत नेऊन टाकला. ३–२. तिथेच मालिका संपल्यात जमा होती. पाच सामन्यांत मार्शलनं दिलेली ती एकमेव धाव.

जॉन असता तर? हा खेळ डॉजर्सचे चाहते आजही खेळतात आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण पाचपैकी चार सामने ३–२ नंच सुटले होते. पण समोर ओकलंड होतं, आधीची सलग दोन वर्षं जिंकलेलं. मी त्या वादात पडत नाही. मला फक्त त्या न टाकलेल्या दोन-चार चेंडूंचं नवल वाटतं. वर्षभर टाकतच राहिलेल्या माणसानं नेमके तेवढेच वाचवले.

पन्नास वर्षांनी, ९ ऑक्टोबर २०२४ ला, याच डॉजर्सपुढे पुन्हा तीच पंचाईत होती. स्टार्टिंग पिचर एकामागून एक जखमी. सॅन दिएगोत हरलो तर घरी जायचं, असा सामना. त्या दिवशी त्यांनी आठ पिचर वापरले, प्रत्येकाला थोडं थोडं, आणि ८–० नं जिंकले. ऑल्स्टनना कुणी ही युक्ती सांगितली असती तर त्यांनी बहुधा विचारलं असतं, आणि उद्या कोण टाकणार?

[दृश्य: सिमेंटची भिंत. चेंडू आपटून परत येतो. पुन्हा आपटतो.]

१९७५. जॉनच्या डाव्या हाताची बोटं आखडली होती. कोपरातल्या नसेला इजा झाली होती, त्यासाठी आधीच्याच डिसेंबरमध्ये दुसरं ऑपरेशन करावं लागलं होतं. बोटं चेंडूभोवती वळेनात म्हणून तो ती चिकटपट्टीनं एकमेकांना बांधायचा आणि भिंतीवर चेंडू मारत बसायचा. चेंडू कसा फेकला तर कोपरावर ताण कमी येईल, हे त्याला समजावून सांगायला मार्शल होता. एकानं दुसऱ्याचं ओझं उचललं होतं, आता तोच त्याला फेकायला शिकवत होता.

त्या वर्षी या सगळ्या ओझ्याचं बिल आलं. मार्शलच्या बरगडीला दुखापत झाली. ९ विजय, १४ पराभव. संघानं हातपाय हलवले. जॉनच्या जागी उभ्या केलेल्या झानला शिकागो कब्जला देऊन त्यांनी बर्ट हूटनला आणलं. सौदा झकास निघाला, हूटननं डॉजर्सकडून १८ सामने जिंकले. तरी संघ रेड्सच्या तब्बल २० सामने मागे राहिला. दुखापत एका वर्षी होते, तिचे हप्ते पुढच्या वर्षीही जातात.

१६ एप्रिल १९७६ ला अटलांटात टॉमी जॉन परत उंचवट्यावर चढला. त्या वर्षी १० विजय, १० पराभव. दोन महिन्यांनी, जूनमध्ये, डॉजर्सनी मार्शलला त्याच अटलांटाला देऊन टाकलं.

त्या ऑपरेशनला आज डॉक्टरचं नाही, रुग्णाचं नाव आहे. जॉन वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत टाकत राहिला. २८८ विजयांपैकी १६४ उसन्या टेंडननं मिळवलेले. पण त्या सगळ्यातला एकच दिवस इथे दाखवायचाय.

[दृश्य: पाऊस. दिव्यांच्या झोतात तिरप्या धारा.]

८ ऑक्टोबर १९७७. फिलाडेल्फिया. मॅनेजर आता टॉमी लसॉर्डा. जिंकलं की वर्ल्ड सिरीज. समोर स्टीव्ह कार्लटन, त्या वर्षीचा साय यंग विजेता. पाऊस थांबायला तयार नाही, खेळ चालूच. चेंडू ओला, माती घसरडी. जॉन सिंकर टाकतोय, फिलाडेल्फियाचे बॅटर जमिनीवर मारतायत. सातवी इनिंग, आठवी, नववी.

डॉजर्स ४, फिलीज १.

नऊच्या नऊ इनिंग त्यानं एकट्यानं टाकल्या. बुलपेनमधून कुणालाही यावं लागलं नाही.