ट्रायल होतच नाही, मग भांडणं मिटतात कुठे?

नमस्कार मंडळी. आज धंद्यातल्या भांडणांबद्दल बोलूया, म्हणजे दोन कंपन्यांचं फाटलं, करार मोडला, पैसे अडकले, की पुढे नेमकं काय होतं. आपल्या डोळ्यापुढे लगेच कोर्ट येतं, साक्षीदाराचा पिंजरा, उलटतपासणी, मग जज निकाल वाचतात, म्हणजेच ट्रायल. तसं होतं, पण इतकं क्वचित होतं की ऐकून तुम्ही चाट पडाल.

आधी एक जुनी केस सांगतो. १९८४ साली अमेरिकेत पेन्झॉइल नावाच्या तेल कंपनीचं गेटी ऑइलशी जवळजवळ जमलं होतं, तत्त्वतः मान्य, जाहीर निवेदनही निघालेलं, फक्त शेवटच्या करारावर सह्या बाकी, आणि तेवढ्यात टेक्सॅको मध्ये घुसली, जास्त भाव दिला आणि गेटी घेऊन गेली. पेन्झॉइल म्हणे आमचा सौदा झाला होता, तुम्ही तो मोडायला लावलात. टेक्सॅको म्हणे सही कुठंय दाखवा. आता सही नसताना सौदा झाला की नाही, हा प्रश्न टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या ज्युरीपुढे गेला, म्हणजे साध्या नागरिकांपुढे, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये त्यांनी टेक्सॅकोला १०.५३ अब्ज डॉलर भरायला सांगितले. अब्ज हं, कोटी नाही. अपील चालू असताना वसुली थांबवायची तर तिथल्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे आधी प्रचंड रकमेची हमी द्या. ती आणायची कुठून? १९८७ मध्ये टेक्सॅकोने सरळ दिवाळखोरीचा अर्ज टाकला. आणि शेवट काय झाला माहितीये, दोघांनी ३ अब्ज डॉलरवर तडजोड केली! म्हणजे एवढी गाजलेली ट्रायल, ज्युरीचा निकाल, सगळं होऊन शेवटचा आकडा ठरला तो वाटाघाटीतच.

आता जरा आकडे. मार्क गॅलँटर नावाचे कायद्याचे प्राध्यापक, त्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टांचा हिशेब मांडला. १९६२ साली निकाली निघालेल्या दिवाणी केसेसपैकी ११.५ टक्के केसेस ट्रायलपर्यंत पोचायच्या, २००२ पर्यंत हेच प्रमाण १.८ टक्क्यांवर आलं, आणि आता ते १ टक्क्याच्याही खाली आहे. तुम्ही म्हणाल केसेस वाढल्या असतील म्हणून टक्का घसरला. केसेस वाढल्या हे खरंच, पाचपट वाढल्या, पण गंमत अशी की ट्रायलचा नुसता आकडाही कमी झाला, १९६२ मध्ये ५,८०२ आणि २००२ मध्ये ४,५६९. भांडणं पाचपट आणि ट्रायल आधीपेक्षा कमी, मग बाकीचं गेलं कुठे?

सगळं तडजोडीत गेलं असं लोक पटकन म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. बऱ्याच केसेस ट्रायलच्या आधीच जज कागदावर संपवतात. एक पक्ष म्हणतो की यात वादाचा खरा मुद्दाच नाही, पुरावा ऐकायची गरज नाही, लगेच निकाल द्या, याला तिकडे समरी जजमेंट म्हणतात. १९८६ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने एकापाठोपाठ तीन निकाल दिले आणि हा रस्ता बराच सोपा झाला. २००७ आणि २००९ च्या निकालांनी तर दारातच चाळणी लावली, म्हणजे तुमचा दावा वाचल्यावर तो पटण्यासारखा वाटला पाहिजे, नाहीतर घरी जा.

पण कंपन्यांना खरी धडकी भरते ती डिस्कव्हरीची. १९३८ च्या फेडरल नियमांपासून दोन्ही बाजूंना ट्रायलआधी एकमेकांचे कागद मागायचा जबरदस्त हक्क मिळाला, तीच ही डिस्कव्हरी. हेतू फार चांगला होता, ऐनवेळी कुणी पत्ते काढू नयेत, सगळं आधीच टेबलावर यावं. त्या काळी कागद म्हणजे काय, कपाटातल्या चार फायली. आता? दहा अधिकाऱ्यांचे पाच वर्षांचे ईमेल, ऑफिसच्या ग्रुपवरचं चॅट, प्रत्येक एक्सेल शीटच्या सतरा आवृत्त्या, आणि हे सगळं एकेक करून वकिलांनी वाचायचं, यातलं वकील आणि अशील यांच्यातलं गुपित कुठलं ते बाजूला काढायचं, त्याची वेगळी यादी करायची, मग त्या यादीवरून परत भांडायचं. मीटर चालूच. आणि त्यात कुठल्यातरी मॅनेजरने रात्री अकरा वाजता वैतागून लिहिलेली एक ओळ निघते, ‘हे आपल्याला आधीच माहीत होतं’, झालं, केसचा भावच बदलला. खटल्याची रक्कम आणि खटल्याचा खर्च शेजारी मांडून पाहिला की फायनान्सवाला विचारतो, आपण नक्की कशासाठी लढतोय?

मग येतं मीडिएशन, मध्यस्थी. १९७६ मध्ये फ्रँक सँडर नावाच्या प्राध्यापकांनी कल्पना मांडली की कोर्टात एकच दार कशाला, भांडण बघून कुणाला मध्यस्थाकडे पाठवा, कुणाला लवादाकडे, कुणाला जजकडे. आज मोठ्या व्यापारी तंट्यातलं मीडिएशन कसं चालतं ते बघण्यासारखं असतं. सकाळी सगळे एका खोलीत, दोन्हीकडचे वकील आपापलं घोडं दामटतात, आणि मग दोन्ही पार्ट्या वेगवेगळ्या खोल्यांत. त्यापुढचे आठ-दहा तास मध्यस्थ ह्या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतो. तुमचा आकडा तिकडे, तिकडचा इकडे, आणि मधल्या मधे तुम्हाला हळूच विचारतो की हरलात तर काय, किती वर्षं लागतील, तुमचा मुख्य साक्षीदार नोकरी सोडून गेलाय ना? संध्याकाळपर्यंत दोघं ताणून धरतात. मग अगदीच अडलं तर मध्यस्थ स्वतः एक आकडा लिहून दोघांना वेगवेगळा देतो, उत्तर फक्त हो किंवा नाही, घासाघीस बंद. दोघांचं हो आलं तर मिटलं. एकाचं जरी नाही आलं तरी मध्यस्थ एवढंच सांगतो की जमलं नाही, म्हणजे ज्याने नाही म्हटलं त्याला समोरचा तयार होता की नव्हता हे कळतच नाही. मला ही युक्ती भारी आवडते, कारण हो म्हणणाऱ्याचा पत्ता उघडा पडत नाही.

इंग्लंडमध्ये जरा वेगळं टोचतात. तिथे हरणाऱ्याने साधारणपणे जिंकणाऱ्याचाही खर्च द्यायचा, आणि १९९९ च्या सुधारणांपासून असा नियम आहे की समोरच्याने दिलेली रीतसर ऑफर तुम्ही नाकारली आणि निकालात त्यापेक्षा चांगलं काही मिळालं नाही, तर खर्चाचा भुर्दंड तुमच्यावर. २०२३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने असंही सांगितलं की कोर्ट पक्षकारांना कोर्टाबाहेर मिटवायचा प्रयत्न करायला भागही पाडू शकतं, आधी हे चालत नाही असंच धरून चालायचे.

आणि आर्बिट्रेशन, लवाद, म्हणजे जजऐवजी दोघांनी मान्य केलेल्या खासगी पंचाने निकाल द्यायचा. दोन देशांतल्या कंपन्यांचा करार असेल तर लवादाला पर्याय फार कमी, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमुळे एका देशातला लवादाचा निवाडा १७० पेक्षा जास्त देशांत वसूल करता येतो, कोर्टाच्या हुकूमनाम्याला एवढी सोय नाही. लवाद स्वतः निवडता येतो, बंद दाराआड चालतं, अपील जवळजवळ नाहीच. स्वस्त आणि झटपट म्हणून ह्याची जाहिरात व्हायची, त्यावर आता वकीलही मनातल्या मनात हसतात. मोठ्या केसमध्ये तीन लवाद, त्यांची फी, संस्थेची फी, आणि दोन्हीकडे वकिलांची फौज, म्हणजे ज्या खर्चाला घाबरून कोर्ट सोडलं तोच पाठोपाठ आला.

अमेरिकन कंपन्यांनी मग हा लवाद ग्राहकांच्या आणि कामगारांच्या करारातही बारीक अक्षरात घालून ठेवला, वर अट अशी की प्रत्येकाने एकेकट्याने यायचं, सगळ्यांनी मिळून दावा करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यता दिली, २०११ मध्ये ग्राहकांच्या बाबतीत आणि २०१८ मध्ये कामगारांच्याही. २५-३० डॉलरसाठी एकटा कोण भांडणार, असा सरळ हिशेब. पण काही वकिलांनी काय केलं, ठीक आहे म्हणाले, एकेकटे येतो, आणि हजारो अर्ज एकदम टाकले! डोअरडॅश ह्या डिलिव्हरी कंपनीवर पाच हजारांहून जास्त डिलिव्हरीवाल्यांनी लवाद मागितला, आणि प्रत्येक अर्जामागे कंपनीने भरायची फी होती १,९०० डॉलर. बेरीज ९० लाखांच्या वर. कंपनी म्हणायला लागली की हे नको, सगळ्यांचं एकत्रच मिटवूया. फेब्रुवारी २०२० मध्ये फेडरल जज विल्यम अल्सप यांनी सांगितलं, कलम तुम्हीच लिहिलंत, आता पाळा. अॅमेझॉनवर असेच ७५ हजारांवर अर्ज आले आणि २०२१ मध्ये त्यांनी आपल्या अटींतून लवादाचं कलमच काढून टाकलं, म्हणे कोर्टात या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

आता माझी तक्रार काय आहे ते सांगतो. तडजोड वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, धंदा करणाऱ्याला धंदा करू द्यावा. पण तडजोडीचा आकडा येतो कुठून? ‘कोर्टात गेलो असतो तर साधारण एवढं मिळालं असतं’ ह्या अंदाजातून. तो अंदाज बांधायला निकाल लागतात, आणि निकालच पडेनासे झाले तर दोन्हीकडचे वकील वीस वर्षांपूर्वीच्या केसवरून अंधारात बाण मारत बसतात. त्यात तडजोड म्हटलं की गुप्ततेचं कलम आलंच, झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यामुळे हीच चूक, हीच फसवणूक शेजारच्या कंपनीबरोबर झाली तरी तिला पत्ता नसतो. आणि एक बारीक गोष्ट, पंधरा-वीस वर्षं ‘ट्रायल लॉयर’ अशी पाटी लावलेल्या माणसाने उभ्या आयुष्यात मोजून दोन-तीन ट्रायल केलेल्या असतात, मग तो अशिलाला लढ म्हणून सांगेल कसा, त्यालाच धाकधूक.

ट्रायल झालीच पाहिजे असंही नाही, पण ती खरोखर होऊ शकते ही भीती तरी हवी. २०२२ ची ट्विटरची केस आठवा. इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला कंपनी घ्यायचा करार केला, जुलैत म्हणाले मला नको, चारच दिवसांत ट्विटरने अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या चान्सरी कोर्टात दावा लावला. ह्या कोर्टात ज्युरी नसते, जजच निकाल लिहितात, आणि कंपन्यांच्या भांडणात त्यांचा हात बसलेला आहे. मस्क यांना तारीख हवी होती पुढच्या फेब्रुवारीतली, जज कॅथलीन मॅककॉर्मिक यांनी दिली ऑक्टोबरची, पाच दिवसांची ट्रायल. तारीख जवळ आली, मस्क यांचा जबाब तोंडावर आला, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते म्हणाले घेतो बाबा, ठरलेल्याच भावाने घेतो. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही ते असं. २७ ऑक्टोबरला व्यवहार पुरा झाला, ट्रायलचा एकही दिवस न चालता. आकड्यांच्या तक्त्यात ही केसही ट्रायल न झालेल्यांतच जाईल, पण काम ट्रायलच्या तारखेनेच केलं. ज्याला अशी तीन महिन्यांतली तारीख मिळत नाही, पाच-सात वर्षं वाट बघायची असते, तोही तडजोड करतोच, फक्त त्याचा आकडा ठरतो तो कोण किती दिवस पैशाशिवाय तग धरू शकतो यावर, आणि तिथे मोठ्या पार्टीला काही घाई नसते.