गल्लीतला हवालदार : सुरेश खोपडे आणि भिवंडी

[दृश्य : पहाट. पत्र्याच्या शेडचं दार उघडतं. आत यंत्रमाग. आवाज पूर्ण ठेवावा. निवेदन दहा सेकंदांनी.]

पत्र्याखाली चाळीस-पन्नास माग एकदम चालू असले की शेजाऱ्याशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. म्हणून इथले कारागीर खुणांनी बोलतात. धागा तुटला, बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) संपला, चहा आला, सगळं हातानं. हे भिवंडी. बाराबारा तासांच्या दोन पाळ्या आणि रात्रभर खडखडणारे माग.

[दृश्य : कामवारी नदीवरचा पूल. मग निजामपुरा, कासार आळी, पद्मानगरच्या गल्ल्या.]

शहराच्या महापालिकेचं पूर्ण नाव भिवंडी-निजामपूर. जुने कोकणी मुसलमान आणि आगरी इथलेच. उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि पद्मानगर वसलं. माग चालवायला गाव सोडून आलेले हजारो तरुण भिशीत, म्हणजे इथल्या खानावळीत, जेवतात आणि मागाशेजारीच पथारी पसरतात. सूत एकाकडचं, सायझिंग, म्हणजे सुताला खळ देणं, दुसऱ्याकडे, विणकाम तिसऱ्याकडे, व्यापारी चौथाच. या साखळीतला प्रत्येक दुवा दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या भाषेच्या माणसाला अडकवलेला आहे. कापडाचा एक तागा एका समाजाच्या हातून पुरा होत नाही.

तरीही हे शहर दोनदा पेटलं.

[दृश्य : वर्तमानपत्रांची जुनी पानं. कॅमेरा मथळ्यांवरून सावकाश.]

७ मे १९७०, शिवजयंतीची मिरवणूक. तिच्यानंतर भिवंडीत आणि पाठोपाठ जळगाव, महाडमध्ये जी दंगल झाली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. आयोगाने पोलिसांच्या तपासावरही कडक ताशेरे ओढले. मग १९८४चा मे महिना. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून जास्त माणसं गेली. लष्कराला बोलवावं लागलं.

[दृश्य : बंद पडलेला माग. शांतता. इथे निवेदन नको.]

[दृश्य : बारामती परिसर. कऱ्हेचं कोरडं पात्र, बाजरीचं रान, मेंढरांचा कळप.]

आता भिवंडीपासून दूर, पुणे जिल्ह्यात. बारामती म्हटलं की लोकांना ऊस दिसतो, साखर कारखाना दिसतो, नीरा डाव्या कालव्याचं पाणी दिसतं. कालव्याखालची बारामती तशी आहेच. पण तालुक्याला दुसरी बाजूही आहे, जिरायत. तिथे पाऊस पडला तर बाजरी, नाही तर काहीच नाही. कऱ्हा नदी नकाशात निळी दिसते. आम्ही गेलो तेव्हा तिच्या पात्रात गाडीवाट पडली होती. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेचं पाणी कधी सुटणार, ही इथल्या पारावरची रोजची चर्चा.

पोलीस अधिकारी सुरेश खोपडे या बारामती भागातले. शेतकऱ्याच्या घरातले.

[दृश्य : देवळासमोरचा पार. म्हातारी माणसं बसलेली. एक जण येतो, बाकीचे सरकून जागा करतात. शॉट लांब ठेवावा.]

हा शॉट मुद्दाम लांब ठेवला आहे. गावात भांडण होत नाही असं नाही. बांधावरून होतं, पाण्याच्या पाळीवरून होतं, मेंढरं रानात घुसली म्हणून होतं. पण भांडणारे दोघे संध्याकाळी याच पारावर येतात, आणि ते कोणाचे कोण, कशावरून तणतणले, कोणाचं ऐकतील, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. शहरात हेच हरवतं. गल्ली असते, माणसं असतात, पण पार नसतो. भिवंडीत खोपड्यांनी पुढे जे उभं केलं, ते पाहताना आम्हाला हा पार आठवत राहिला.

[दृश्य : कशेळीचा पूल. ठाण्याकडून भिवंडीकडे जाणारी वाहनं. वर नाव : सुरेश खोपडे, पोलीस उपायुक्त, भिवंडी.]

१९८८ साली खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. ठाणे पोलीस आयुक्तालयातलं हे सगळ्यात नाजूक ठिकाण. दंगलीला जेमतेम चार वर्षं झाली होती. अशा जागी बदली झालेला अधिकारी साधारणपणे दोन गोष्टी मागतो, जास्त माणसं आणि जास्त गाड्या. सणाच्या आधी राज्य राखीव दलाच्या तुकड्या येतात, नाक्यानाक्यावर बंदोबस्त लागतो, सण पार पडतो, तुकड्या परत जातात आणि सगळे सुटकेचा श्वास घेतात. पुढच्या सणापर्यंत.

खोपड्यांनी सुरुवात केली ती मागच्या दंगलीच्या अभ्यासापासून. ठिणगी कुठे पडली, अफवा कुठून निघाली, आणि त्या वेळी पोलिसांना काय माहीत होतं.

[दृश्य : पोलीस चौकी, आतून. लाकडी टेबल, जाड वही, भिंतीवर हद्दीचा नकाशा.]

शांतता कमिटी तेव्हाही होती. प्रत्येक पोलीस ठाण्याला असतेच. मोहरम, गणपती, शिवजयंती आली की बैठक लागते. पुढच्या खुर्च्यांवर पुढारी, व्यापारी, दोन्ही समाजांतले वजनदार लोक. चहा होतो, भाईचाऱ्याची भाषणं होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. कासार आळीत काल रात्री कोणाची कोणाशी बाचाबाची झाली, हे त्या खोलीत बसलेल्या एकालाही माहीत नसतं. काहींचं तर दुकानच तणावावर चालतं. असे लोक शांतता कशी राखणार?

खोपड्यांनी ही उतरंड उलटी केली. वरून निवडलेली एक मोठी कमिटी बाजूला ठेवली आणि शहराचे मोहल्ले पाडून मोहल्ल्यामोहल्ल्यात समिती केली. सुमारे ७० समित्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने. पुढाऱ्यांना जागा नाही, गुन्हेगारी नोंद असलेल्यांना नाही. घ्यायचं ते त्याच गल्लीत राहणाऱ्या, रोज सकाळी एकमेकांच्या दारावरून जाणाऱ्या साध्या माणसांना.

[दृश्य : रिक्षावाला, पानटपरीवाला, शिलाई मशीनवरची बाई, कारखान्यातून बाहेर येणारा कारागीर. एकामागून एक चेहरे.]

आणि समितीच्या मध्यभागी पोलीस शिपाई, हवालदार.

इथे जरा थांबू, कारण या गोष्टीतला आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग हा आहे. पोलीस खात्यात शिपायाला विचारतो कोण? तो साहेबाचं दार उघडतो, उन्हात नाक्यावर उभा राहतो, दगड पहिला त्याला लागतो. त्याला काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. खोपड्यांनी त्यालाच समितीचा आधार केलं. बीटचा, म्हणजे त्या भागाच्या गस्तीचा, हवालदार बैठक बोलावणार. लोकांची नावं, घरं, त्यांची दुखणी त्याने माहीत करून घ्यायची. बैठक सण असो वा नसो ठरल्या वेळी व्हायची, आणि साहेब आला नाही म्हणून अडायची नाही.

[दृश्य : शिपाई, साध्या चालीने, गल्लीतून. कॅमेरा मागून.]

आता विचार करा, अशा बैठकीत पहिल्यांदा लोक काय बोलणार? हिंदू-मुसलमान ऐक्यावर कोणी बोलत नाही. बोलतात ते तुंबलेल्या गटारावर, चार दिवस न आलेल्या नळाच्या पाण्यावर, कोपऱ्यावर उभं राहून मुलींना बोलणाऱ्या टोळक्यावर, रात्री दारू पिऊन आरडाओरडा करणाऱ्यावर, जिन्याखाली सामान ठेवणाऱ्या भाडेकरूवर. यातलं निम्मं पोलिसांच्या कामात बसतच नाही. ठाण्यात गेलं तर फार तर एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात आणि कोर्टात जायला सांगतात.

पण गटाराचं भांडण इथे लहान राहत नाही. एका घरचं सांडपाणी दुसऱ्याच्या दारात जातं, शिवी दिली जाते, शिवीत धर्म येतो, पोरं जमतात. मग गटार कोणालाच आठवत नाही. हे समितीत बसलेल्या माणसाला कळतं, कारण तो वरच्या मजल्यावर राहतो. ते भांडण त्याच आठवड्यात, त्याच गल्लीत, दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर मिटलं, तर पुढे काही होतच नाही. पेपरात येण्यासारखं काहीच घडत नाही.

[दृश्य : संध्याकाळ, वंजारपट्टी नाका. गर्दी, हातगाड्या, रिक्षा.]

दुसरं काम अफवेचं. अफवेला पाय नसतात म्हणतात. भिवंडीत तिला पाय होते, नाक्यावरून नाक्यावर जाणारे. तिकडे आपल्या माणसाला मारलं. कोणाला? माहीत नाही. कुठे? तिकडे. ही अफवा पद्मानगरात पोचली की तिथल्या समितीतला माणूस निजामपुऱ्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारू शकतो, कारण महिन्याभरापूर्वी दोघांनी एका खोलीत चहा घेतलेला असतो. फोन घरोघर नव्हते. मोबाइल तर नव्हताच. माणसाला माणूस माहीत असणं, एवढाच उपाय होता.

पोलिसांनाही समित्यांनी बदललं. शिपाई आतापर्यंत लोकांसमोर काठी घेऊन यायचा. आता तो त्यांच्यासमोर खुर्चीवर बसला आणि त्याला ऐकावं लागलं. त्याच्यावर राग असलेला माणूस तोंडावर बोलला. दंगलीत पोलिसांनी आपल्याला वाचवलं नाही, ही भावना भिवंडीत घराघरात होती. ती बाहेर पडायला जागा मिळाली, हेही कमी नव्हतं. आणि शिपाई म्हणजे तरी कोण? गावाकडून आलेला, चाळीत राहणारा, बारा तास उभा राहून थकलेला माणूसच. हे लोकांनाही जवळून दिसलं.

[दृश्य : मिरवणूक. गुलाल. रस्त्याच्या कडेला दोन्ही समाजांचे स्वयंसेवक, हातात हात घालून साखळी.]

मिरवणुकीच्या वाटेवर मशीद कुठे, देऊळ कुठे, वाद्यं कुठे थांबवायची, हे ठाण्यातल्या टेबलावर ठरवून हुकूम काढता येतो. हीच गोष्ट गल्लीतल्या माणसांनी आपसात ठरवली, तर हुकूम मोडण्याची ईर्ष्या उरत नाही. शब्द दिलेला असतो, तोही शेजाऱ्याला.

[दृश्य : ६ डिसेंबर १९९२ नंतरची वर्तमानपत्रं. मुंबईचे फोटो. धूर.]

अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत मुंबई जळाली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं मृत्युमुखी पडली. मुंबईपाठोपाठ भिवंडी पेटणार, हे सगळ्यांनी धरलं होतं.

भिवंडी पेटली नाही.

[दृश्य : माग. फक्त आवाज. वीस सेकंद.]

तेव्हा खोपडे भिवंडीत नव्हते. त्यांची बदली झाली होती. त्यांच्यानंतर आलेले उपायुक्त गुलाबराव पोळ यांनी समित्या चालू ठेवल्या आणि त्या दिवसांत समित्यांचे लोक पोलिसांबरोबर रस्त्यावर उतरले. अधिकारी बदलला तरी गल्लीतलं काम चालू राहिलं.

[दृश्य : मुंबई. धारावी, भायखळा. क्रिकेटचा सामना, एका संघात पोलीस.]

राखेतून उठणाऱ्या मुंबईने मग भिवंडीकडे पाहिलं. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. वस्त्यावस्त्यांत बैठका सुरू झाल्या, पोलीस आणि वस्तीतली पोरं क्रिकेट खेळू लागली. देशातल्या महानगराने हा धडा घेतला तो यंत्रमागाच्या शहराकडून, याचा भिवंडीला अभिमान वाटायला हवा.

[दृश्य : निजामपुरा. कब्रस्तानाची भिंत. कॅमेरा स्थिर.]

पुढे समित्या थंडावल्या. जुलै २००६ मध्ये याच भागात पोलीस ठाण्याच्या इमारतीच्या जागेवरून वाद चिघळला. गोळीबारात दोघे गेले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केलं.

[दृश्य : बारामती. एस.टी. स्टँड. भिंतीवर जुन्या प्रचाराची पुसट अक्षरं.]

खोपडे विशेष पोलीस महानिरीक्षक पदापर्यंत पोचून निवृत्त झाले. भिवंडीचा अनुभव त्यांनी पुस्तकांतून मांडला. २०१४ मध्ये ते बारामतीतून आम आदमी पक्षातर्फे लोकसभेला उभे राहिले आणि हरले. ज्या भागातून आले, तिथल्याच लोकांपुढे निवृत्तीनंतर जाऊन उभे राहिले, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

[दृश्य : भिवंडी, रात्र. पाळी बदलते. एक घोळका बाहेर, एक आत.]

समित्या पुन्हा हव्यात का, असं आम्ही चित्रीकरणात कोणाला विचारलं नाही. आम्ही फक्त बीटवर निघालेल्या एका शिपायाच्या मागे चालत राहिलो.

[दृश्य : शिपाई गल्लीत. दुकानातून कोणीतरी त्याला हाक मारतं. तो थांबतो, मागे वळतो, दुकानाच्या पायरीवर बसतो. टोपी काढून मांडीवर ठेवतो. मागांचा आवाज.]