अभिवृत्ती मोजताना प्रश्नपत्रिकाही पाहा

मंडळी, एम.एड.च्या लघुप्रबंधांचं कपाट उघडलं की ‘पदव्युत्तर विद्यार्थ्यांची अध्ययनविषयक अभिवृत्ती आणि शैक्षणिक संपादणूक यांतील सहसंबंध’ अशा थाटाचं शीर्षक हमखास हाती लागतं; म्हणजे अभ्यासाकडे पाहण्याचा कल आणि परीक्षेतले गुण एकमेकांशी किती जोडलेले आहेत, याचा शोध. पद्धतही ठरलेली. पंचबिंदू श्रेणीची (‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशा पाच पर्यायांची) प्रश्नावली भरून घ्यायची, मागच्या सत्राचे गुण मिळवायचे, सहसंबंधाचा गुणांक काढायचा (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) आणि ‘धन सहसंबंध आढळला’, म्हणजे एक वाढलं की दुसरंही वाढतं, असं लिहून मोकळं व्हायचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिकर्टनं ही श्रेणी १९३२ साली मांडली. तिच्यात दोष नाही. पण समोर विभागप्रमुख उभे असताना ‘मला अभ्यास आवडतो’ या विधानापुढे ‘पूर्णपणे असहमत’वर खूण करणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे!

१९७६मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात मार्टन आणि साल्यो या दोघा संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी लेखकाला काय म्हणायचंय ते शोधलं, काहींनी विचारलं जाईल तेवढं डोक्यात भरलं. सखोल आणि वरवरचं अध्ययन हा भेद तिथून रूढ झाला. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, ती आपण विसरतो : कोणते प्रश्न येणार याचा अंदाज आला, की मुलं वाचण्याची तऱ्हाच बदलतात.

मग २०१२चं रिचर्डसन, अब्राहम आणि बाँड यांचं संकलन पाहा. पदवीच्या विद्यार्थ्यांवरचे कितीतरी अभ्यास त्यांनी एकत्र केले. सखोल अध्ययनाचा गुणांशी संबंध निघाला जेमतेम ०.०४. म्हणजे नसल्यातच जमा. परीक्षेचा रोख ओळखून अभ्यास करणाऱ्यांचा ०.२३. सगळ्यांत वरचा आकडा, ०.५९, होता ‘मला अमुक इतके गुण पडतील’ या विश्वासाचा. आता हा विश्वास येतो कुठून? बराचसा आधीच्या गुणपत्रिकेतूनच. अभिवृत्तीनं गुण वाढले की गुणांनी अभिवृत्ती, हे एकदाच भरलेल्या प्रश्नावलीवरून कसं सांगणार?

एम.ए., एम.एस्सी.ला पेच आणखी वाढतो. इथवर आलेली मुलं आधीच चाळून आलेली असतात, त्यांच्या गुणांत फरक थोडा, त्यामुळे सहसंबंध आहे त्याहून क्षीण दिसतो. त्यात पाच-सहा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळून ‘टीपा लिहा’ची तयारी होत असेल, तर मूळ ग्रंथ वाचत बसणारी मुलगी मागे पडली यात नवल काय? दोष तिच्या अभिवृत्तीत शोधणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

वसतिगृह मिळावं म्हणून एम.ए.ला नाव घातलेला आणि पुण्यातल्या अभ्यासिकेत दिवसभर एमपीएससी करणारा मुलगा तर तुम्हा सगळ्यांच्या वर्गात असेल. आमच्या पेपरला तो काठावर पास होतो. त्याची अध्ययनवृत्ती कमी? माझ्या हाताखाली लघुप्रबंध करणाऱ्यांना म्हणूनच मी दोन गोष्टी सांगतो. परिशिष्टात त्या विषयाच्या प्रश्नपत्रिका जोडा. आणि प्रश्नावलीवर नाव न घेता पहिला प्रश्न विचारा : या अभ्यासक्रमाला तुम्ही का आलात?