भंडारदरा: आधी भाकरी सांगा, मग तलावाला फेरी मारा

सकाळचे साडेसात वाजलेत. आपण शेंडीत आहोत, म्हणजे भंडारदऱ्याचं जे काय मार्केट म्हणता येईल ते हेच, एस्टीचा थांबा, चहाच्या टपऱ्या, दोनचार किराणा दुकानं. आणि दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आपण आत्ता, चहा पिता पिता उरकतोय, ते म्हणजे दुपारचं जेवण सांगणं. रतनवाडीत एका घरी फोन लावलाय, तिकडून मावशी विचारतायत, "किती जणं हायेत? भाकरी नागलीची का तांदळाची?" नागली म्हणजे आपली नाचणी, पण इथे नागलीच म्हणतात.

मागच्या वेळी आम्ही शहाण्यासारखे न सांगताच गेलो होतो, भूक लागली की बघू म्हणून, आणि अडीच वाजता एका अंगणात जाऊन गावठी कोंबडी मागितली तेव्हा ती कोंबडी तिथेच आमच्यासमोर फिरत होती. जेवलो पाच वाजता. चूक त्यांची काहीच नव्हती, हे काही हॉटेल नाही, इथे तुम्ही सांगितल्यावर चूल पेटते.

तर पहिला थांबा धरण. विल्सन डॅम, 1910 ला काम सुरू झालं आणि 1926 ला पूर्ण, प्रवरा नदी अडवलीये, मागे जो पसरलाय तो आर्थर लेक. खाली अकोले, संगमनेर, पार श्रीरामपूरपर्यंत जो ऊस दिसतो ना त्याच्यामागे हे पाणी आहे. धरणाच्या पायथ्याशी तो अम्ब्रेला फॉल, पाणी सोडलं असेल तरच दिसतो, गोल खडकावरून छत्रीसारखं पडतं. नव्वद टक्के पब्लिक इथे फोटो काढतं, रंधा धबधब्याला जाऊन परत फोटो काढतं आणि संध्याकाळी घरी. रंधा बघाच, पावसाळ्यात तर छातीत धडधडतं त्याच्यासमोर, पण रेलिंगच्या अलीकडून बघा, सेल्फीसाठी खडकावर उतरू नका प्लीज, तिथे जीव गेलेत.

आपण मात्र आज तलावाला अख्खी फेरी मारणार. साधारण 40-45 किलोमीटरचा रस्ता, शेंडीतून निघायचं, मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी, मग साम्रद, घाटघर आणि पलीकडच्या काठाने उडदावणे, पांजरे करत परत शेंडी. गाडीने नुसतं फिरलात तर दोन तासात संपेल आणि मग म्हणाल काय आहे त्यात, म्हणून दिवस द्या. आणि पेट्रोल घोटीला नाहीतर राजूरला भरून घ्या, इथे वाटेत पंप शोधत बसू नका.

व्हिडिओतले हे शॉट सप्टेंबरच्या शेवटचे आहेत. पाऊस ओसरतोय, भात पोटरीत आलाय, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, बांधावर सोनकी पिवळीधम्मक. माझ्या मते भंडारदरा बघायचा हाच टाइम, जुलैमध्ये धुकं एवढं असतं की समोरचा तलावसुद्धा दिसत नाही, तुम्ही फक्त भिजता आणि भजी खाता. अर्थात भिजायलाच यायचं असेल तर या, जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस याच पट्ट्यात पडतो.

रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ. आधी बाहेरून एक चक्कर मारा, कोरीवकाम बघा, काळा दगड पावसात धुवून असा चकाकतो की बास. शिलाहारांच्या काळातलं मंदिर, भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. बाजूची पुष्करणी लोक चुकवतात, ती चुकवू नका, आतल्या बाजूला देवड्या म्हणजे कोनाडे आहेत, त्यात मूर्ती. मागे जो डोंगर आहे तो रतनगड, माथ्यावर कातळाला आरपार भोक, त्याला नेढं म्हणतात, सुईचं असतं तसं. प्रवरेचा उगम पण या डोंगरातच. गड करायचा तर वर जायलाच तीन तास धरा, शिड्या आहेत, म्हणजे तो दिवस वेगळा काढावा लागेल, फेरीत बसवायला जाऊ नका.

आणि आता जेवण! एक वाजलाय, मावशींनी पानं घेतलीत. नागलीच्या भाकऱ्या, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी, ती काळी दिसते म्हणून नाक मुरडू नका, आमच्यातला एकजण मुरडत होता आणि शेवटी तिसऱ्यांदा मागून घेतली त्याने. वर भात. या तालुक्यात काळभात नावाचा जुना वासाचा भात आहे, नशिबात असेल तर मिळतो, घरात शिजत असला की दारातच कळतं. आधी सांगितलं तर कोंबडीचा रस्सा, आणि पावसाळ्यात आलात तर रानभाजी मागा, कुर्डू, भारंगी, करटुली, जे त्या दिवशी मिळालं असेल ते. जुनं बियाणं जपण्याची गोष्ट निघाली की राहीबाई पोपेरेंचं नाव येणारच, त्या याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, 2020 ची पद्मश्री, वालाचे किती प्रकार असतात हे अर्ध्या महाराष्ट्राला त्यांच्यामुळे कळलं.

जेवून लगेच साम्रदला सांदण दरीत उतरायचं असेल तर विसरा. एक तर पोट भरलंय, दुसरं म्हणजे पाऊस पुरता थांबल्याशिवाय त्या घळीत जायचंच नाही, वरून पाणी आलं तर दोन्ही बाजूंना सरळ कातळ, पळणार कुठे? डिसेंबरनंतर या, तेव्हाही आत कंबरेएवढं पाणी लागू शकतं, गावातला वाटाड्या घ्या. रीलवाले तिला आशियातली दोन नंबरची दरी करून मोकळे झालेत, कोणी टेप लावून मोजली देव जाणे, पण नंबर नसला तरी ती भारीच आहे.

संध्याकाळी घाटघरचा कडा. रस्ता संपतो आणि खाली एकदम कोकण, बाजूला अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले एका ओळीत. इथलं वीज केंद्र मला आवडतं, 250 मेगावॉटचं, विजेची गरज असेल तेव्हा वरच्या तळ्यातलं पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी कमी झाली की तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं.

परतीचा हा उडदावणे-पांजऱ्याचा रस्ता. आता जे दिसतंय ते जूनचं शूटिंग आहे, काजवे. मेच्या शेवटापासून पाऊस जोर धरेपर्यंत जेमतेम दोनतीन आठवडे, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं एका तालात पेटतात आणि विझतात, नर काजवे माद्यांना सिग्नल देत असतात. आणि आपण काय करतो, तर हेडलाइट लावून, फ्लॅश मारून त्यांचा संसार बिघडवतो. हे अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, तेव्हा लाइट बंद, स्पीकर बंद, शनिवार-रविवार टाळा, आणि झाडाखाली जाऊन गवत तुडवू नका, माद्या तिथेच असतात.

रात्री शेंडीत तळलेले मासे. तलावाचा ताजा मासा आहे का ते आधी विचारा, मग ऑर्डर द्या, विचारायला लाजू नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बारी गाव, कळसूबाई. 1646 मीटर, महाराष्ट्रात याच्यावर काही नाही. गोष्ट अशी सांगतात की कळसू नावाची मुलगी पाटलाकडे कामाला होती, केर-भांडी करणार नाही ही अट घालूनच, आणि एक दिवस पाटलांनी नेमकी तीच कामं सांगितली, तशी ती उठली आणि सरळ डोंगरावर निघून गेली. वर तिचं छोटंसं देऊळ आहे. सुट्टीच्या दिवशी लोखंडी शिड्यांवर अक्षरशः लोकलसारखी रांग लागते म्हणून पाच म्हटलं, आणि चढायच्या आधी बारीत कोणाच्या तरी दारात थांबून जेवण सांगून ठेवा, किती जण, कोणती भाकरी, आणि अकरापर्यंत खाली येतो म्हणून सांगितलं असेल तर या बाबांनो वेळेत, तिकडे तवा तापलेला असतो.

पुण्याला जाणाऱ्यांनी राजूरला पेढे घ्या, रस्त्यातच आहे. मुंबईवाल्यांना उलटं पडतं. आम्ही मुंबईचेच, तरी गेलो.