पडद्यावरची तिसरी चौकट

नमस्कार श्रोतेहो.

डॉक्टर व्हिडिओवर भेटतात, पण त्यांची भाषा रुग्णाला येत नाही. अशा वेळी पडद्यावर तिसरी चौकट लागते, दुभाष्याची. ती जोडायची कशी आणि जोडूनही घोडं कुठे अडतं, याविषयी आज बोलू.

काम सुरू होतं ते अपॉइंटमेंट घेतानाच. दुखण्याखुपण्याबद्दल कोणत्या भाषेत बोलायला सोपं जातं, आणि दुभाषी म्हणून बाईच हवी की पुरुष चालेल, हे तेव्हाच विचारून नोंदवायचं. भाषेचं नाव मोघम लिहून भागत नाही. नुसतं 'चिनी' लिहिलं तर मँडरिनचा दुभाषी हजर होतो आणि रुग्ण कँटोनीज बोलणारा निघतो. अरबीचंही तसंच. मोरोक्कोची बोली इराकच्या माणसाला सहज कळत नाही. वेळही वाढवून घ्या. प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाणार, म्हणून २० मिनिटांच्या तपासणीला ४० मिनिटं धरलेली बरी. वेळ कमी पडली की डॉक्टर एका दमात सगळं सांगून टाकतात आणि दुभाषी त्याचा गोषवारा सांगू लागतो. त्यातून काय गळलं, ते मग कुणालाच कळत नाही.

यानंतरची अडचण दारातच उभी असते. व्हिडिओच्या लिंकचा निरोप रुग्णाला न येणाऱ्या भाषेत जातो. कोणतं बटण दाबायचं ते न समजल्यामुळे तो बाहेरच अडकतो, आत डॉक्टर आणि दुभाषी वाट पाहतात, आणि शेवटी 'रुग्ण आला नाही' अशी नोंद होते. हे आम्हाला फार खटकतं, कारण तो माणूस आलेला असतो. उपाय साधा आहे. वेळेच्या १० मिनिटं आधी दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याने दुभाष्याला सोबत घेऊन रुग्णाला फोन लावायचा आणि फोनवरच लिंक उघडून घ्यायची. माइक आणि कॅमेऱ्याला परवानगी द्यायला आवर्जून सांगायचं. ती एकदा नाकारली गेली की ब्राउझर बहुधा पुन्हा विचारत नाही, सेटिंगमध्ये जाऊन उघडावी लागते. दुभाष्याच्या चौकटीखाली 'दुभाषी' आणि भाषेचं नाव असू द्या, नाहीतर अनोळखी नाव पाहून डॉक्टर त्याला आतच घेत नाहीत.

आता आवाजाकडे वळू. चित्र अडखळलं तरी निभावतं, आवाज तुटला की गोळीचा आकडाच गायब होतो. तिघांनीही हेडफोन लावावेत. एकाच खोलीत दोन फोन त्याच कॉलवर असतील तर आवाज घुमतो, त्यातल्या एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा. नेट मंदावलं तर आधी दुभाष्याचं चित्र बंद करायचं, तरीही जमेना तर त्याला साध्या फोनने जोडायचं. तो नंबर आधीच हाताशी ठेवा.

खुणांच्या भाषेत मात्र हा हिशेब पूर्ण उलटा. तिथे चित्र हाच आवाज. दुभाष्यामागची भिंत साधी, उजेड समोरून आणि दोन्ही हात कमरेपर्यंत चौकटीत दिसायला हवेत. बरीच ॲप्स ज्याचा आवाज येतो त्याला मोठं करतात, त्यामुळे डॉक्टर बोलू लागले की खुणा करणारा दुभाषी कोपऱ्यात लहान होऊन बसतो. त्याची चौकट रुग्णाने आपल्या पडद्यावर पिन करून, म्हणजे कायम मोठी दिसेल अशी, ठेवावी.

काही ॲप्समध्ये भाषांतरासाठी वेगळा ऑडिओ चॅनल असतो, त्यात बोलणाऱ्याचा मूळ आवाज मागे पडतो आणि दुभाष्याचाच ऐकू येतो. तो सभा-परिषदांसाठी ठीक. तपासणीत डॉक्टरांना रुग्णाचा स्वतःचा आवाज ऐकू यायला हवा. धाप, अडखळणं, जड झालेली जीभ, यांचं भाषांतर होत नाही. म्हणून एक-दोन वाक्यं बोलायची आणि थांबायचं. आवाज पोहोचायला क्षणभर उशीर होतो. दोघे एकदम बोलले तर ॲप एकाचा आवाज दाबून टाकतं.

डॉक्टरांनी बोलायचं ते रुग्णाशी. 'त्यांना विचारा, कधीपासून दुखतंय' असं नाही, तर थेट 'तुम्हाला कधीपासून दुखतंय?' दुभाषीही 'माझ्या छातीत दुखतंय' असंच सांगतो. एखादा शब्द संदिग्ध वाटला तर त्याने 'दुभाषी विचारतोय' असं म्हणून खुलासा घ्यावा. हा हक्क त्याला पहिल्या मिनिटातच द्या. १९८० साली फ्लोरिडात 'इंतोक्सिकादो' हा स्पॅनिश शब्द डॉक्टरांनी नशेशी जोडला. घरच्यांना म्हणायचं होतं की खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय. प्रत्यक्षात तो मेंदूतला रक्तस्राव होता. निदान लांबलं आणि १८ वर्षांच्या त्या तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. तिथे प्रशिक्षित दुभाषी नव्हता. घरातल्या मुलाला दुभाषी करू नका, असं आम्ही कळकळीने सांगतो ते यासाठीच. शिवाय आईला जे मुलासमोर बोलवत नाही, तेच नेमकं डॉक्टरांना कळायला हवं असतं.

औषधाचं नाव, मात्रा आणि वेळा चॅटमध्ये आकड्यांत लिहा. इंग्रजीत 'एकदा' या अर्थाचा जो शब्द लिहितात, त्याच स्पेलिंगचा स्पॅनिशमध्ये अर्थ होतो ११. मग विचारा, 'ही गोळी घरी कशी घेणार, ते सांगा पाहू.' 'समजलं का?' विचारलं तर माणूस संकोचाने 'हो' म्हणतो.

आणि कॉल बंद करण्याआधी, दुभाषी आहे तोवरच, पुढची तारीख ठरवून टाका. त्याच नोंदीत भाषेचं नाव पुन्हा लिहा.